गव्याच्या वाटेनं मागं मागं

ही वाट माणसानं पाडलेली नाही, गव्यानं पाडली आहे. दाजीपूरच्या रानात ठक्याच्या वाड्यापासून आत शिरलात, की अंजनी-जांभळीच्या दाटीतून सावराईच्या सड्याकडं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराकडं, जाणाऱ्या पायवाटा दिसतात. त्यांतल्या कित्येक आधी खुरांच्या आहेत. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर डोंगर चढताना कमीत कमी दमवणारी रेघ शोधतं, मागचा कळप त्याच रेघेवर पाय ठेवतो आणि पिढ्यान् पिढ्या तुडवून ती रेघ पक्की झाली, की धनगराला, शिकाऱ्याला, मिठाच्या बैलाला, वनरक्षकाला आणि आज तुम्हाला ती आयती मिळते.

आज तुम्ही या वाटेनं मागं जाणार आहात. कोल्हापूरहून राधानगरीमार्गे ऐंशीएक किलोमीटर ज्या गाडीनं आलात, ती राहू दे रस्त्यावर. पाय याच वाटेवर राहतील, साल तेवढं बदलत जाईल.

पहिलं पाऊल आखूड टाका. १९५७ चा मे महिना.

डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. कुऱ्हाडीचे घाव पडताहेत, एका लयीत, दोन-तीन दिशांनी. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि राजाचं राखीव रान एकाएकी नुसतं रान उरलं. राजाचा धाक गेला आहे, नव्या कायद्याचा पाय अजून इथं रुळायचा आहे. ऐनाचे, किंजळीचे ताजे बुंधे वाटेच्या कडेला दिसतात. गवा कुठं दिसत नाही. शेण दिसतं, तेही जुनं, वाळून पापडी धरलेलं. धनगरवाड्यापाशी म्हशी बांधत असलेल्या म्हातारीला तुम्ही विचारता, गवे कुठं गेले?

“हाईत की. पर थोडं ऱ्हायल्यात, लेकरा. औंदा ढोरांस्नी बुळकांडी न्हाई आली, देवाची किरपा. ती आली की रानातलं गवंबी पडत्यात.”

म्हातारीचं खरं आहे. बुळकांडी गोठ्यातून रानात जाते. पाळीव जनावर ज्या डबक्यावर पाणी पितं, त्याच डबक्यावर संध्याकाळी गवा येतो. पुढं १९६८ मध्ये कर्नाटकातल्या बंदीपूरच्या रानात याच रोगानं गवे मेले. हा रोग २०११ मध्ये साऱ्या जगातून हद्दपार झाला. वाघाच्या आणि वणव्याच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो. पण गव्याच्या आजच्या संख्येमागं गुरांना लस टोचत गावोगाव हिंडलेल्या माणसांचा मोठा हात आहे, आणि त्यांची आठवण कुणी काढत नाही म्हणून इथं काढून ठेवतो.

म्हातारीला निरोप द्या. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, हे रान खास गव्यासाठी राखीव होणार आहे. आजच्या महाराष्ट्रातलं ते पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य होईल. पण १९५८ ला राखायला इथं काही शिल्लक कसं राहिलं होतं? त्यासाठी आता लांब उडी घ्यायची.

१९०९. मे महिन्याची उतरती बाजू, वळीव एकदा पडून गेलेला.

खाली भोगावतीच्या खोऱ्यात छिन्नीचे आवाज घुमताहेत. दगड घडवणारे, चुना मळणारे, बैलगाड्यांची रांग. शाहू महाराज पस्तिशीला टेकले आहेत. गादीवर येऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच त्यांनी दुष्काळ पाहिला, पाठोपाठ प्लेग पाहिला, आणि आता संस्थानाच्या तिजोरीतून ते नदीला बांध घालताहेत. शेजारी वसवलेल्या पेठेला लेकीचं, राधाबाईंचं नाव मिळालं आहे, राधानगरी. हा बांध पुरा व्हायला अजून चाळीस वर्षांहून जास्त लागणार आहेत, मध्ये काम थांबणार आहे, महाराज १९२२ मध्ये जाणार आहेत. दगड वाहणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका.

तुम्ही वर चढता. माग काढणारा म्हातारा धनगर पुढं आहे. खांद्यावर घोंगडं, कमरेला कोयता, पायताण काढून हातात घेतलेलं.

“वाऱ्याच्या खालच्या अंगानं चाला, पावणं. त्येला डोळ्यापरीस नाक लई.”

तो थांबतो, वाकतो, मोडलेला बांबूचा कोंभ तुमच्यापुढं धरतो. कापलेल्या जागी अजून ओल आहे. “आत्ताच गेल्यात. न्हाईतर एवढ्या उन्हात वाळलं असतं की.” चार पावलांवर खुराचा ठसा, दोन अर्ध्या चंद्रांसारखा, आणि त्याच्या काठावरून माती अजून आत ढासळतेय. तुमचं काळीज उगाच जोरात धडधडायला लागतं. म्हातारा मात्र अंजनीच्या खोडाला टेकून चक्क तंबाखू मळतो. गवे दुपारची सावली सोडत नाहीत, त्याला घाई नाही.

मग वाट पाहणं. आणि पाहत बसलात, की रान थरांनी उलगडायला लागतं. डोक्यावर साठ फुटांवर खडखड होते. शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेतं, तांबूस-काळं, शेपटी त्याच्या अंगाहून लांब. त्याला जमिनीवर यावंच लागत नाही, पण त्यासाठी फांदीला फांदी लागलेली हवी. मधले दोन वृक्ष तोडले, तर त्याच्या लेखी मुलूख तुटला. खाली करवंदीच्या जाळीत काहीतरी उकरल्याची ओली माती आहे; अस्वल रात्री वारूळ फोडून वाळवी खाऊन गेलं, आणि जाता जाता करवंदंही. उंबराच्या ढोलीला चिखलानं लिंपलेली फट दिसते, त्या फटीतून आतल्या मादीची चोच बाहेर येते, आणि राखी धनेशाचा नर एकेक फळ घशातून काढून तिला भरवतो. तिनं आत स्वतःला कोंडून घेतलं आहे. नर मेला, तर आत पिलं उपाशी राहतील. इतका भरवसा. वाळक्या पानांत ससाभर उंचीचं काहीतरी थबकतं, अंगावर पांढरे ठिपके, सुतळीएवढे पाय. पिसोरी. भारतातलं हे सगळ्यात लहान हरणासारखं जनावर तुमची पापणी लवेपर्यंत दिसतं आणि मग त्या जागी नुसती पानं असतात.

ऊन कलतं. म्हातारा बोट वर करतो.

झाडीच्या कडेवर आधी पांढरे पाय दिसतात, गुडघ्यापर्यंत मोजे चढवल्यासारखे, आणि वर काहीच नाही, नुसता अंधार. मग तो अंधार हलतो. एक म्हातारी गाय पहिल्यांदा उघड्यावर येते, नाक वर करून वारा चाखते, बराच वेळ उभी राहते. तिच्या मागून बाकीच्या, त्यांच्या पोटांखालून तांबूस वासरं. कळप गाईच चालवतात. मोठे नर बहुतेक वेळ एकटे किंवा दोघं-तिघं वेगळे हिंडतात. सड्यावरच्या वळवानं फुटलेल्या कोवळ्या गवतावर तोंडं खाली जातात, आणि तुम्हाला गवत उपटल्याचा आवाज ऐकू येतो, इतके तुम्ही जवळ आहात.

हे दृश्य नीट पाहून ठेवा, कारण माझं या लेखातलं म्हणणं यातच आहे. रान म्हणजे गच्च झाडी, असं आपण शहरात बसून समजतो आणि पावसाळ्यात मोकळी जागा दिसली की तिथं रोप लावायला धावतो. गव्याला गच्च झाडी दुपारपुरती हवी. सकाळ-संध्याकाळ त्याला उघडं गवत हवं, उन्हाळ्यात न आटणारं डबकं हवं, चाटायला क्षाराची माती हवी, आणि या चार ठिकाणांना जोडणारी, कुणी न अडवलेली वाट हवी. यांतलं एक काढून घेतलंत, तर बाकीची तिन्ही असून नसल्यासारखी. सावराईचा सडा झाडांविना आहे, म्हणून तो ओसाड नाही. तो या रानाचं ताट आहे.

कळपातली म्हातारी गाय एकदम मान उचलते. शिट्टीसारखा एक फुत्कार, आणि क्षणात सडा रिकामा. तुमचा वास नव्हे. पलीकडच्या कड्याखालून कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी सरकते आहे, तांबडी, झुपकेदार शेपट्यांची, एकमेकांना बारीक शीळ घालत. म्हातारा हळूच म्हणतो, “रात्री वाघबी बोलंल. म्हाराजांचं मचाण पल्याड बांदत्यात, उद्या हाका हाय.”

उद्या रान उठवलं जाईल. हलग्या, डबे, आरोळ्या. माणसांची रांग एका बाजूनं जनावर हाकत आणेल आणि दुसऱ्या बाजूला मचाणावर बंदुका असतील. मला त्या बंदुकीची तरफदारी करायची नाही. इथून उचललेली कातडी-शिंगं राजवाड्याच्या भिंतींवर लागली, आणि वाघासारखा प्राणी ज्या काळात मोजण्याइतका होत चालला, तो काळ शिकारीचाच होता. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. शिकारीसाठी राखलेलं रान तोडायची कुणाची हिंमत नव्हती. आणि खाली बांध उभा राहायचा, तर वरचा डोंगर उघडा पडून चालणार नव्हतं. १९५८ ला सरकारनं जे राखलं, ते १९०९ ला कुणीतरी आधीच राखलेलं होतं.

त्याची किंमत कुणी दिली, तेही या वाटेवरच दिसतं. राखीव रानात म्हशी कुठवर चारायच्या, लाकूड कुठलं आणायचं, हे आता धनगरवाड्याला वरून सांगितलं जातं. म्हाताऱ्याचा बाप इथं कुमरी करायचा. उतारावरची झाडी तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडं. त्या सोडलेल्या जागांवर गवत माजायचं आणि गवे यायचे. कुमरीवर बंदी आली, तेव्हा तिच्यामुळं होणारी तोड थांबली हे खरं, पण ती मोकळी गवताची ठिगळंही हळूहळू झाडीनं भरून गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांतली कुठलीच सोडायची नाही.

रात्र होते. ढग गच्च, वारा पडलेला. आणि मग एका झाडावर ठिणगी. दुसऱ्यावर. बघता बघता हिरड्याचा आख्खा वृक्ष काजव्यांनी पेटतो, सगळे एकदम उजळतात, एकदम विझतात. जमिनीत, ओल्या पालापाचोळ्यात वर्षभर गोगलगायी खाऊन वाढलेली अळी आता पंख घेऊन थोड्या दिवसांसाठी आली आहे, जोडीदाराला हाक मारायला. हाक उजेडाची असल्यामुळं तिला अंधार लागतो. १९०९ ला अंधाराचा तुटवडा नाही. (आज मे अखेरीस काजवे पाहायला याल, तेव्हा गाडीचे दिवे बंद करा, मोबाईलची बॅटरीसुद्धा. त्यांच्या लगीनघाईत आपला झोत म्हणजे आडकाठीच.)

उठण्याआधी पूर्वेकडं तोंड करा. इथून दिसत नाही, पण लांबवर, डोंगर संपून जिथं माळ लागतो, तिथं याच उन्हाळ्यात एका छकड्यावर डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता बसला आहे. छकडा काळविटांच्या कळपाजवळ सरकतो, झापड निघते, आणि मग काही क्षणांचा तो वेग. कोल्हापूरचे चित्ते आणि चित्तेवान देशभर नावाजलेले. आपल्याकडचा चित्ता दुर्मीळ झाला, तेव्हा पुढं आफ्रिकेहून चित्ते आणवले गेले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियातून तो मध्य प्रदेशातल्या कुनोत आणला, हे तुम्हाला माहीत आहे. पण तो ज्या माळावर धावत होता, त्या माळाचं काय झालं याची चर्चा होत नाही. त्या माळावर आज ऊस आहे. भोगावतीचं जे पाणी दगडी भिंतीनं अडलं, त्यानं वरचं रान राखायला कारण दिलं, आणि त्याच पाण्यानं खालच्या रानात पाट काढून काळविटाचं गवत संपवलं. ऊस नको होता असं कोल्हापूरचा माणूस म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. या जिल्ह्याची पोटं त्यावर भरली, पोरं त्यावर शिकली. पण डोंगराला राजा मिळाला, राखणदार मिळाला, कायदा मिळाला. माळाला कुणी मिळालं नाही, कारण माळ पडीक दिसतो.

चला, पुढं. म्हणजे मागं.

मधली वर्षं झरझर जातात. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी सामानगड-भुदरगडावर उठाव केला. या डोंगररांगा तेव्हा बंडाच्या बातम्यांनी जागत्या होत्या. त्याआधी मराठ्यांचे हरकारे, त्याआधी आदिलशाहीचे. पाय थांबवायचे ते बाराव्या शतकाच्या शेवटी. पन्हाळ्यावर शिलाहारांचा दुसरा भोज राज्य करतो आहे.

तुमची वाट आता रुंद झाली आहे. बैलांच्या घंटा ऐकू येतात. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी पाठीवर घेऊन बैल घाट चढताहेत. पायथ्याच्या बाजूला, खाडीवर खारेपाटण आहे. तिथं सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. गव्यानं शोधलेली रेघ व्यापाऱ्यानं उचलली, ती कुठं, याचा कागद नाही. पण डोंगर ओलांडायला सोप्या जागा मोजक्याच असतात, आणि त्या जनावरांना आधी कळतात. बैलवाले दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायची घाई करतात. रात्री जाळ मोठा करतात. वाटेवरच्या एका वळणावर शेंदूर फासलेला दगड आहे, वाघजाई. तिच्या मागची झाडी कुणी तोडत नाही, वाळलेलं लाकूडसुद्धा उचलत नाही. अशा देवरायांचे तुकडे आजही या तालुक्यांतून उभे आहेत. कायद्याआधीचं, राजाआधीचं हे राखीव रान आहे. शिकारीचा षोक दरबारांना तेव्हाही होताच. त्याच शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगयेचे नाना प्रकार सांगितले आहेत, चित्त्याकडून हरणं धरण्यासकट.

आणखी हजार वर्षं मागं. वाट पुन्हा अरुंद. कोल्हापूरच्या जागी पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सातवाहन काळातली वस्ती आहे. तिथल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती निघाली, ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा थांबून बघा. रोमन जगातली ती वस्तू समुद्रावरून येऊन कुठला तरी घाट चढलीच असणार, आणि त्या घाटात तिच्या दोन्ही अंगांना हेच रान असणार, ओल्या पानांच्या वासाचं, जळवांचं. जळवा दोन हजार वर्षांत जराही सुधारलेल्या नाहीत, घोट्याशी बघा.

आता शेवटची उडी, आणि ती मोजता येण्यासारखी नाही. साडेसहा कोटी वर्षं. वाट नाही, रान नाही, सह्याद्री नाही. जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा वाहतो आहे, थरावर थर, मध्ये थंडावायला वेळ घेत. उष्णतेनं तोंड फिरवावंसं वाटतं. पश्चिमेला आफ्रिकेपासून कधीच सुटलेला आणि मादागास्करपासूनही तुटलेला हा भूभाग उत्तरेला सरकतो आहे. या बेसॉल्टवर पुढं कोट्यवधी पावसाळे कोसळणार, वरचा थर कुजून, धुपून, लोह आणि ॲल्युमिनियम मागं ठेवून जांभा होणार. तुम्ही १९०९ ला ज्या सावराईच्या सड्यावर गव्यांना चरताना पाहिलंत, त्याचं पीठ आत्ता कुठं मळलं जातंय. आणि या होरपळीतूनही, लाव्हा न पोचलेल्या ओल्या कोपऱ्यांत, एक कुळी तग धरून आहे, तिला भेटायला आता थेट आजच्या ऑगस्टमध्ये या.

पाऊस असा, की समोरचं झाड दिसत नाही. इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यातला बहुतेक या अडीच-तीन महिन्यांत. धुकं सड्यावरून पायांशी वाहतं. एक ओला दगड हळूच उलटा करा. खाली गांडुळासारखं काहीतरी चमकतं, निळसर-करडं, अंगावर वळ्या. पण त्याला जबडा आहे, दात आहेत, कणा आहे. देवगांडूळ. बेडकाच्या गोतातला, पाय नसलेला उभयचर, जमिनीत राहणारा. त्याची जवळची भावकी आफ्रिकेत आणि सेशेल्स बेटांवर सापडते, कारण हे सगळे भूभाग एक होते तेव्हापासूनचा तो आहे. त्याला चार पावलं ओलांडूनसुद्धा मुलूख बदलणं जमत नाही, म्हणून सह्याद्रीच्या एका डोंगरावर एक जात, दुसऱ्यावर दुसरी. दगड जसा होता तसा परत ठेवा, उलटा नको. ओल उडाली तर तो मरेल.

आणि सडा? मे महिन्यातला करपलेला सडा आता जांभळा झाला आहे. सीतेची आसवं, नाव नाजूक, पण मुळांशी बारीक फुगे आहेत आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून ही वनस्पती पचवते, कारण जांभ्यावरच्या बोटभर मातीत नत्र नाही. शेजारी दवबिंदू, चिकट थेंबांवर किडा अडकवणारी. तेरडा, आमरीच्या जाती, गवतात लपलेली कंदीलपुष्पं. इथं खड्डा खणून झाड लावलंत, तर झाड जगणार नाही आणि हे सगळं मरेल. जांभ्याच्या पोटात बॉक्साइट आहे, म्हणून राधानगरी-भुदरगडच्या काही सड्यांवर खाणी झाल्या. तिथला जांभा निघाल्यावर वर पुन्हा माती टाकता येते, हजारो पावसाळ्यांनी घडवलेला तो कठीण, पाणी धरून ठेवणारा पत्रा पुन्हा घालता येत नाही.

सड्यावरचं पाणी सड्यात मुरतं, खाली झऱ्यांना फुटतं. भोगावती, दुधगंगा, तुळशी या रानातून पाणी घेतात. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, तेव्हा कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडं, तिथल्या पाण्याच्या पातळीकडं बघायला लागतं. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी पंचावन्न फुटांच्याही वर गेलं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. आणि २०२३ पासून शहराच्या नळाला काळम्मावाडीचं, म्हणजे दुधगंगेचं पाणी थेट पाईपलाईननं येतं. दाजीपूर लांब आहे असं म्हणणाऱ्यानं सकाळी पेला भरला, तो या रानातून झिरपलेल्या पाण्याचा.

२०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात राधानगरी आहे. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजली जातात. हौशी माणसंही त्यात असतात, आणि चांदण्यात गवा पाणी पिताना पाहिलेला माणूस पुढं आयुष्यभर रानाचा होतो, असा माझा अनुभव आहे. पण मोजणीपेक्षा मोठी बातमी कॅमेऱ्यांनी दिली. अलीकडच्या वर्षांत झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनी राधानगरीत पट्टेरी वाघ टिपला. तो इथं कायम राहायला आलेला नसतो. दक्षिणेला तिलारी, गोवा आणि कर्नाटकातल्या काळी नदीची रानं. उत्तरेला चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. या दोन टोकांमध्ये राधानगरी हा दुवा आहे. वाघ इथून जातो.

त्याच्याबरोबर निघा. दाजीपूरहून उत्तरेला, कड्याच्या धारेधारेनं. रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर त्याला काहीच नाहीत. अभयारण्याची हद्द संपते, त्याला ती दिसत नाही. गगनबावड्याच्या बाजूला झाडी विरळ होते, उतारावर प्लॉट पाडलेले, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब, काही ठिकाणी तारेचं कुंपणही. मग कोल्हापूर–गगनबावडा रस्ता, आणि त्यावर कोकणात उतरणाऱ्या मालगाड्यांचे दिवे. पलीकडं विशाळगडाची झाडी, तिच्यापुढं चांदोली. २०२० च्या अखेरीस राज्यानं विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं मंजूर केली, ती नेमकी ही मधली फट सांधायला. निर्णय चांगला आहे, अगदी मनापासून चांगला. पण राखीव क्षेत्र सरकारी रानावर होतं, आणि वाट जाते ती खाजगी जमिनींतूनही.

गव्याला तर ही हद्द केव्हाच अपुरी पडली आहे. २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराजवळ पंचगंगेच्या काठापर्यंत आले, बघ्यांची गर्दी उसळली, आणि एका तरुणाचा जीव गेला. उभा ऊस गव्याला चारा देतो आणि आडोसाही देतो. दुपारची सावली आणि संध्याकाळचं गवत त्याला एकाच वावरात मिळालं, तर तो डोंगर कशाला चढेल? त्याच्यामागं हुल्लड करत धावणं, गाड्या लावणं, व्हिडिओ काढणं हे माणसाच्याही जिवावर बेततं आणि जनावराच्याही. त्याला एक बाजू मोकळी ठेवली आणि रात्र होऊ दिली, तर तो आल्या वाटेनं निघून जाऊ शकतो.

भुदरगडच्या बाजूला एका उसाच्या फडाच्या कडेला माळा आहे. त्यावर एक शेतकरी रात्रीची राखण करतोय, हातात बॅटरी, शेजारी रिकामा डबा बडवायला. वर चढा, तो जागा करून देईल. थंडी आहे, घोंगड्याचं एक टोक तुमच्याकडं सरकवेल.

“माझ्या आज्याच्या वक्तालाबी येत हुतं गवं,” तो म्हणतो. “पर तवा हितं नाचणी, भात. चार तोंडं मारून जायाचं. आता ऊस म्हंजे बारा-चौदा म्हैन्याचं पीक, त्यात ते बसूनच ऱ्हात्यात. मारा म्हनत न्हाई मी. जनावराला वाट द्यायला माझी ना न्हाई. वड्याकडंची दोन गुंठं मी औंदा पेरलीच न्हाईत, तिकडनंच जात्यात म्हनून. पर नुकसानीचं पैसं कारखान्याचं बिल यायच्या आत हातात पडूद्यात. दोन-दोन वर्सं कागदं घालत बसायला लावू नगा.”

हे रास्त आहे. त्या दोन गुंठ्यांचं मोल कुणीतरी ठरवायला हवं, आणि तसे दोन-दोन गुंठे गगनबावड्यापासून आजऱ्यापर्यंत ओढ्याओढ्यानं सोडणाऱ्या माणसांना त्याचा मोबदला दरसाल, मागायला न लागता मिळायला हवा. नुकसानभरपाई नव्हे, वाटेचं भाडं.